जिनिंगमधल्या वायरमन नसलेल्या कामगारांना विजेबद्दल नेमकं काय शिकवायचं?

कापूसवाला_धरणगाव

नमस्कार मंडळी. धरणगाव तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी अकरा वर्षांपासून सुपरवायझर आहे. शिक्षण बी.कॉम. वायरमनचा परवाना माझ्याकडे नाही, त्यामुळे ज्यांच्याबद्दल विचारतोय त्यांच्यातलाच मी एक.

आमच्याकडे कापसातून सरकी वेगळी करणारी २४ डीआर (डबल रोलर) मशीन आहेत, रुईच्या गाठी बांधणारा एक प्रेस आहे. सीझनला साठ-पासष्ट माणसं असतात. निम्मी गावातली आणि आजूबाजूची, बाकीची शिरपूर-धडगावकडची पावरा मंडळी, जोडीने येणारी. बाया बऱ्याच. वायरमन एकच, तोही दिवसपाळीला. रात्री काही झालं तर त्याला फोन करायचा आणि तो येईपर्यंत आपणच.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. रात्रीचे दोन वाजले असतील. पाला हाऊसमध्ये, म्हणजे रुई प्रेसला जाण्याआधी जमते तिथे, तिला ओलावा द्यायला पाणी मारलेलं होतं, फरशी ओली. हॅलोजनचा लोखंडी स्टँड जरा पुढे सरकवायला मी एका पोराला सांगितलं. मीच सांगितलं. वय बावीस. चप्पल ओली होऊन घसरते म्हणून त्याने ती काढून ठेवलेली. त्याने स्टँडला हात घातला आणि हात सुटेना. ओरडलाही नाही, नुसता थरथरत उभा. आधी मला वाटलं थंडीने कुडकुडतोय. त्याचा मेव्हणा त्याला ओढायला धावला, त्याला मी खांद्याने ढकलून पाडलं आणि लाकडी दांड्याच्या दाताळ्याने स्टँडवर फटका मारला. स्टँड आडवा झाला, पोरगा सुटला. बटन बंद करायला पाहिजे होतं हे मला कळत होतं, पण बोर्डासमोर गाठींची थप्पी लागलेली. मागून वळसा घालून जायला अर्धं मिनिट गेलं असतं. नंतर पाहिलं तर गाठींच्या ट्रॉलीचं चाक केबलवरून जाऊन जाऊन जुना टेपचा जोड उघडा पडला होता.

पोरगा वाचला. तळहातावर वाटाण्याएवढा जळका डाग, दोन दिवस दवाखाना. मग गावी गेला तो परत आला नाही.

त्यानंतर मालकांनी बाहेरून माणूस बोलावून प्रशिक्षण ठेवलं. दोन तास प्रोजेक्टर. व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स, त्यांचं सूत्र. शेवटी रजिस्टरवर सह्या आणि अंगठे. दुसऱ्या दिवशी मी पाच जणांना विचारलं, काय समजलं? चौघे हसले. एक जण म्हणाला, "करंटला हात लावायचा नाही." एवढं त्याला आधीपासून माहीत होतं.

आता यंदाचा सीझन सुरू होऊन महिना झाला. मालक पुन्हा तेच प्रशिक्षण ठेवू म्हणतात. मला ते नको आहे. पाळी बदलताना वीस मिनिटं मिळतात, तेवढ्यात बसेल असं काय शिकवू? कोणत्या भाषेत? आणि समजलं की नाही हे अंगठ्याशिवाय कसं ओळखू?


वायरमन_पारोळा

दादा, शिकवायच्या आधी एक काम करा. फिरत्या वस्तूंच्या सगळ्या सॉकेटना, म्हणजे हॅलोजन, ग्राइंडर, ड्रिल, पंखा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा खटका, बसवून घ्या. पुष्कळ मालकांना वाटतं एमसीबी (जास्त करंटला पडणारा नेहमीचा खटका) आहे म्हणजे झालं. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. ६ अँपिअरचा एमसीबी ६ अँपिअरपर्यंत गप्प बसणारच. माणूस जायला त्याचा साठावा भाग पुरतो. ओल्या फरशीवर अनवाणी माणसाचा रोध साधारण हजार ओहम धरा. २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर त्याच्यातून जाणार, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागणार नाही. आरसीसीबी मात्र गेलेला आणि परत आलेला करंट जुळतो का ते पाहतो. तफावत दिसली की क्षणात पाडतो. त्याच्यावर टेस्टचं बटन असतं, महिन्यातून एकदा दाबून पाहा, पडला पाहिजे.

कायद्याचंही सांगतो, मालकांना समजवायला उपयोगी पडेल. जुन्या कारखाना कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने कलम ७अ आलं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा जाऊन त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा संहिता आली. कामगारांना माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख देणं ही दोन्हींत कारखाना चालवणाऱ्याची जबाबदारी ठरवली आहे. अंगठे घेतले म्हणून ती संपत नाही. आणि शॉक लागलेल्या माणसाला शुद्धीवर कसं आणायचं याचा तक्ता स्थानिक भाषेत दर्शनी जागी लावणं प्रत्येक कारखान्याला बंधनकारक आहे. तुमच्याकडे तो कुठे आहे ते बघा. बऱ्याच ठिकाणी ऑफिसात साहेबांच्या खुर्चीमागे असतो.


दीपनगर_निवृत्त

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. दीपनगरच्या औष्णिक केंद्रात मी ३१ वर्षं काढली, शेवटची अठरा विद्युत देखभालीत. निवृत्तीनंतर बोदवड, चोपडा, धरणगाव भागातल्या जिनिंगची अर्थिंग, म्हणजे गळालेला करंट जमिनीत नेणारी जोडणी, तपासून देतो.

काय शिकवायचं ते नंतर. आधी मला सांगा, तुमच्या किती मशीनसमोर बारदान अंथरलेलं आहे?

रात्री एकटे फिरा आणि बघा. मशीनच्या बॉडीला हात लागला की मुंग्या येतात, म्हणून कामगार पायाखाली दुमडलेलं कोरडं बारदान टाकतो आणि काम चालू ठेवतो. कुणाला सांगत नाही. सांगितलं तर मशीन थांबेल, मुकादम चिडेल. शेजारची बाई विचारते, तर तिलाही तो सांगतो, बारदान टाक, काही होत नाही. प्रत्येक जिनिंगमध्ये कामगारांनी एकमेकांना दिलेलं हे विजेचं प्रशिक्षण आधीपासून चालू आहे, आणि ते पक्कं बसलेलं आहे. तुम्हाला वीस मिनिटांत ते पुसायचं आहे.

मुंग्या म्हणजे साधारण एक मिलिअँपिअर. दहाच्या आसपास गेला की हाताचे स्नायू आवळतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. तुमचा पोरगा तिथे होता. पन्नास ते शंभरच्या घरात हृदयाचा ठोका बिघडून ते नुसतं फडफडतं. एक आणि पन्नास यांच्यामध्ये आहे काय? ते बारदान. त्यावर पाणी सांडलं, की संपलं. आणि तुम्ही रुईवर पाणी मारता.

म्हणून पहिला आणि सगळ्यात मोठा धडा हा: मुंग्या आल्या की मशीन बंद आणि हाक. अर्थिंग म्हणजे काय ते समजावू नका. मोटारीच्या बॉडीपासून जाणारी पट्टी किंवा हिरवी वायर प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या मशीनवर बोटाने दाखवा. तीन फेजच्या मोटारीला अशा दोन वेगवेगळ्या असाव्या लागतात. दोन मोजायला लावा. एक तुटलेली दिसली तरी हाक मारायची. मोजणं सगळ्यांना येतं.

पट्टी शाबूत असूनही अर्थिंग कमजोर असू शकते. आपली काळी जमीन पावसाळ्यात ओल धरते, पण मार्च उजाडला की हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो. नोव्हेंबरात तपासून समाधान मानू नका.

आता दुसरी गोष्ट, ती जिनिंगलाच जास्त लागू आहे. आग. आपल्याकडे कुठे धूर दिसला की माणूस पाण्याकडे धावतो, कापसाच्या आगीला ते बरोबरच आहे. लहानपणापासून तेच अंगात मुरलेलं. पण तीच बादली पॅनलवर गेली तर पाण्यातून करंट बादलीवाल्यापर्यंत येतो. पॅनलवर रुईचे तंतू बसलेले असतात, आत ढिल्या जोडावर ठिणगी पडली की आधी तेच पेटतात. म्हणजे दिसताना ती कापसाचीच आग दिसते. एका जिनिंगमध्ये पॅनलपासून चार फुटांवर फरशीवर मी जाड लाल पट्टा मारायला लावला आणि सांगितलं, या पट्ट्याच्या आत पाणी येणार नाही, गाठ येणार नाही, तुम्हीही येणार नाही. आतल्या आगीला कार्बन डायऑक्साइडचा किंवा कोरड्या पावडरचा सिलिंडर. तो पट्ट्याबाहेर भिंतीला टांगलेला, म्हणजे घ्यायला आगीपाशी जावं लागत नाही. तुमचा गाठींच्या थप्पीचा प्रश्नही त्याच पट्ट्याने सुटेल.

स्टार्टरबद्दल. आपल्याकडच्या प्रत्येक माणसाने विहिरीवर मोटार उचलत नाही म्हणून स्टार्टर दाबून धरायला त्याला काडी लावलेली आहे. तो जिनिंगमध्ये येताना ती काडी मनात घेऊनच येतो. ओव्हरलोड, म्हणजे जास्त भार आला की मोटार बंद करणारा स्टार्टरमधला खटका, पडला की तो पुन्हा दाबतो, पुन्हा दाबतो. त्याला सांगा, एकदा पडला म्हणजे मोटारीने तक्रार केली. रोलरमध्ये काही अडकलं असेल, एखादा फेज गेला असेल. मोटार नुसती घूं करतेय, फिरत नाही, वार्निश जळल्याचा वास येतोय, तर दाबायचं नाही, वायरमनला बोलवायचं. हा आवाज सांगून कळत नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकवा.

डीआरमध्ये अडकलेलं काढायला, नाइफ (रोलरशेजारचं पातं) सेट करायला हात आत जातो, तेव्हा त्या मशीनच्या खटक्याला कुलूप लागलं पाहिजे आणि किल्ली ज्याचा हात आत आहे त्याच्या खिशात. मुकादमाच्या नाही. कुलूप लावल्यावर स्टार्टचं बटन दाबून पाहायचं, मशीन हललं नाही तरच हात घालायचा. चोवीस मशीन असतील तर चोवीस कुलपं लागत नाहीत, सहा पुरतात. आणि पॅनल बंद केलं म्हणजे आत वीज नाही असं फिटरने धरू नये. आतला कपॅसिटर वीज साठवून ठेवतो, बंद झाल्यावरही काही मिनिटं भरलेला असतो. खिशातल्या टेस्टरचा दिवा लागला नाही, एवढ्यावरही जाऊ नका. ते टेस्टर फसवतात.

सोडवण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण तुम्ही दाताळं वापरलंत आणि ते बरोबर केलंत. कोरडं लाकूड २३० किंवा ४१५ व्होल्टपुरतं. यार्डावरून ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) लाइन जात असेल आणि कापसाने भरलेल्या गाडीवर चढलेला माणूस तिला चिकटला, तर लाकूड नाही, दोरी नाही, काही नाही. लांब राहायचं, महावितरणला फोन करून लाइन बंद करून घ्यायची, मगच जवळ जायचं. गाडीवर ताडपत्री बांधणाऱ्यांना हे वेगळं बसवून सांगा. वर पाहिल्याशिवाय चढायचं नाही.

सुटलेला माणूस श्वास घेत नसेल, तर छातीच्या मधोमध तळहाताने जोरात दाबत राहायचं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. याचा सराव मी सरकीच्या गच्च भरलेल्या पोत्यावर घेतो. कोपर सरळ, वजन खांद्यातून. बाया हे पुरुषांपेक्षा लवकर शिकतात असा माझा अनुभव आहे. आणि माणूस उठून चहा प्यायला लागला तरी त्याला दवाखान्यात नेऊन हृदयाचा आलेख काढायचा.

एवढं सगळं वीस मिनिटांत बसणार नाही. एका दिवशी एकच घ्या. पहिले आठ दिवस फक्त मुंग्या आणि हाक.


लूमवाली_जळगाव

दादा, मी जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात नऊ वर्षं आहे. काकांचं बारदान वाचलं आणि अंगावर काटा आला. आमच्याकडे बारदान नाही, आम्ही चटईचा तुकडा टाकत होतो. मीसुद्धा टाकला आहे, पूर्ण एक पावसाळा.

का टाकला ते सांगते. प्लास्टिकची पट्टी रोलरवरून पळते तेव्हा हिवाळ्यात तिच्यावर स्थिर वीज जमते. हात जवळ नेला की चट्ट होतं, केस उभे राहतात. रोजचंच. नवीन बाई घाबरली की जुन्या बाया म्हणतात, होईल सवय. सवय होतेच. मग एक दिवस बॉडीला खराखुरा करंट आला तरी मला तो तसलाच वाटला. आमच्या वायरमन मामांनी नंतर जे शिकवलं ते मी आता नव्या पोरींना शिकवते: चट्ट होऊन लगेच संपलं तर ते पट्टीचं. हात ठेवलेला असेपर्यंत मुंग्या येतच राहिल्या तर ते मशीनचं, थांब. पण पुन्हा हात लावून खात्री करायला जायचं नाही. शंका आली तरी थांब. तुमच्याकडे कापूसही कोरडा असतो, थोडंफार हे होत असेल.

आम्हालाही आधी वर्ग झाला होता, पडद्यावर चित्रं. मला फक्त कवटी आणि दोन हाडं आठवतात. मग मामांनी जळालेली मोटार आणून आमच्यासमोर उघडली, काळी पडलेली तार हातात दिली, वास घ्यायला लावला. आणि प्रत्येकीला तिच्या लूमसमोर उभं करून डोळे मिटायला सांगितले. म्हणाले, दिवे गेलेत, शेजारीण चिकटली आहे, आता बंद कर. अकरा जणींपैकी चौघींचा हात लाल बटनावर पहिल्या झटक्यात पडला. माझा नाही पडला. मी पाच वर्षं त्या लूमवर होते. आता महिन्याला एकदा हे करतो, सगळ्यांचा पडतो. समजलं की नाही हे ओळखायला तुम्ही विचारलंत ना, हे करून बघा.

भाषेचं म्हणाल तर, तुमच्या पावरा मंडळींतल्याच एका बाईला आणि एका माणसाला आधी शिकवा, मग ते त्यांच्या बोलीत सांगतील, तुम्ही बाजूला उभे राहा. आमच्याकडे मामा अहिराणीत एकच वाक्य म्हणायचे, "आधी खटका बंद कर, मंग हात लाव." सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं.

आणि पैशांचं बोला, दादा. आमचं काम मीटरवर. लूम थांबला की मीटर भरत नाहीत. मी पावसाळाभर चटईचा तुकडा टाकला तो अडाणीपणामुळे नाही, पोराच्या शाळेची फी भरायची होती. करंटच्या तक्रारीने लूम थांबला तर तो वेळ भरून धरणार, असं मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, त्या आठवड्यात सात तक्रारी आल्या. सातही लूम आधीपासून तसेच चालत होते.


कापूसवाला_धरणगाव

काका, ताई, पारोळ्याचे भाऊ, चार दिवसांनी लिहितोय.

परवा रात्री साडेबाराला बॅटरी घेऊन एकटा फिरलो. बारदानं तीन सापडली. नऊ नंबरच्या डीआरसमोर एक, चौदासमोर एक, आणि प्रेसच्या बटनांच्या पेटीखाली एक. नऊ नंबरवाल्या बाईने फरशी गार लागते म्हणून टाकलं होतं. तिथे वायरमनने तपासलं, काहीच निघालं नाही. चौदावरची बाई आधी काही बोलेना. तिचा नवरा शेजारच्या मशीनवर असतो, त्याला विचारलं तर म्हणाला, "ते तर दिवाळीपासूनच मुंग्या मारतंय, मालक." मला मालक म्हणाला. मी त्या मशीनसमोरून रोज दहा वेळा जातो.

सकाळी उघडलं तर अर्थिंगच्या एका पट्टीचा नट गळून पडलेला, दुसरी गंजून हिरवी झालेली, हाताने हलत होती. प्रेसच्या पेटीकडे जाणारी केबल एका ठिकाणी गाठीखाली चेपून आतली वायर दिसत होती. तिथे पाणी मारलेली रुई रोज पडते.

दोन्ही मशीन मिळून साडेतीन तास बंद राहिले. मालकांना ताईंची पोस्ट वाचून दाखवली. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, वेळ भरून धर. काल पाळी बदलताना त्यांनी स्वतः उभं राहून ते सांगितलं. चौदावरच्या बाईनेच पावरीत सगळ्यांना सांगितलं. मला शब्द कळले नाहीत, पण तिने ते बारदान उचलून दाखवलं आणि बाजूला टाकलं, ते कळलं. आज सकाळपर्यंत आणखी दोन हाका आल्या. एकीत तथ्य होतं, सतरा नंबर.

पॅनलसमोर लाल पट्टा मारला. आरसीसीबी उद्या जळगावहून येतील. डोळे मिटून बटन शोधायला लावलं तेव्हा रात्रपाळीच्या एकवीस जणांत सहा जणांचा हात बरोबर पडला. मी सातवा नव्हतो. आता रोज करतोय.

काका, एक विनंती. पट्ट्या बदलल्या, पण खड्ड्यांची खात्री मला देता येत नाही, वायरमनकडे अर्थ टेस्टर नाही. येत्या रविवारी येता का? धरणगाव स्टेशनवर मी घ्यायला येतो.


दीपनगर_निवृत्त

येतो. भुसावळहून सकाळच्या गाडीने निघतो. तोपर्यंत सगळ्या खड्ड्यांची झाकणं उघडून आतला कचरा काढून ठेवा. पण कुणालाही त्यात पाणी ओतू देऊ नका. मी येणार म्हटल्यावर आदल्या रात्री ओततात, मग रीडिंग छान येतं आणि मार्चमध्ये पुन्हा तेच बारदान. आणि चौदावरच्या त्या बाई रविवारी कामावर असतील असं बघा, मला आधी त्यांच्याशी बोलायचं आहे.